इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट: आईच्या बाजूने पाहिलं तर

अभ्यासाला लागतो म्हणून घरात फोन येतो आणि पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'असर' या शाळकरी मुलांच्या शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता. सोशल मीडियासाठी 76 टक्क्यांनी. आम्ही मिरजेत राहतो, पण चित्र तेच. लेक नववीत. वर्गातल्या मुलींचं निम्मं जग इन्स्टावर, त्यामुळे बंदी घालायचा विचार सोडला आणि टीन अकाउंटला, म्हणजे इन्स्टाच्या अठराच्या आतल्यांसाठीच्या खात्याला, पालकांची देखरेख जोडली.

टीन अकाउंट भारतात फेब्रुवारी 2025 मध्ये आलं. पैसे लागत नाहीत. खातं आपोआप प्रायव्हेट होतं, अनोळखी लोकांचे मेसेज अडतात, दिवसात तासभर झाला की ॲप बंद करायची आठवण येते. सोळाच्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन गप्प. मात्र नोटिफिकेशन गप्प झाली म्हणून ॲप बंद होत नाही, पांघरुणात रील्स चालूच राहू शकतात. रात्रीचं ॲपच बंद ठेवायचं तर देखरेखीत जाऊन आपणच ती वेळ लावायची. बऱ्याच पालकांना हा फरक माहीत नसतो.

देखरेखीसाठी आपलंही खातं लागतं. आमंत्रण गेल्यावर लेकीने विचारलं, "आई, माझे मेसेज वाचणार तू?"

"नाही गं. सात दिवसांत कोणाकोणाशी बोललीस ते दिसतं. काय बोललीस ते नाही."

"मग चालेल. पण तू किती वेळ बघतेस तेही मला दाखवायचं."

दाखवावं लागलं. तिच्यापेक्षा फार कमी नव्हता.

मेसेज न दिसणं काहींना उणीव वाटेल. मला तीच या सोयीची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. यादीत एक विचित्र नाव दिसलं, विचारलं, तर ती तिच्याच बाकावरची मैत्रीण निघाली. मग लेकीनेच खुलासा केला: "अगं, सगळ्यांची दोन खाती असतात. एक घरच्यांना दाखवायचं आणि एक खरं." हे कुठल्याही सेटिंगमध्ये सापडलं नसतं. आपण जोडलेल्या खात्यापुरतीच देखरेख, दुसऱ्या खात्याचा पत्ता गप्पांतूनच लागतो.

जन्मसालाचंही तसंच. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या सातवीतल्या मुलाने खातं उघडताना वय वीसच्या पुढचं टाकलेलं. त्याला टीन अकाउंटचा एकही नियम लागू नव्हता आणि घरचे निश्चिंत! त्यामुळे देखरेख जोडायच्या आधी जन्मसाल बघा.

आणि आजोबांचा फोन. त्याला ना लॉक, ना मर्यादा. लेकीच्या फोनची वेळ संपली की तिचा धाकटा भाऊ "आबा, जरा द्या ना" म्हणतो, आणि आबा देतात. या भोकावर इन्स्टाग्रामकडे इलाज नाही, असूही शकत नाही. आम्ही आबांच्या फोनला पिन लावला. ते दोन दिवस रुसले.

आमच्या ह्यांचं म्हणणं असं की मुलांना खरंखोटं कळत नाही. म्हणणाऱ्याने त्याच आठवड्यात 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा पुराणकाळापासून फिरणारा खोटा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला. लेकीने तिथेच खाली लिहिलं, "पप्पा, हे खोटं आहे." ग्रुपवर शांतता. काकांनी तरीही हात जोडलेले इमोजी पाठवले. तेव्हा देखरेख कोणी कोणावर ठेवायची हा प्रश्न आमच्या घरी अजून लटकलेला आहे.

आमच्याच जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि गाव दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवतं. त्यात मोठेही आले, हे मला त्या ॲपमधल्या तासाभराच्या आठवणीपेक्षा जास्त पटतं. शहरात भोंगा वाजवणार कोण, म्हणून आम्ही जेवणाच्या वेळी सगळ्यांचे फोन फ्रिजवर ठेवतो. ह्यांचा सगळ्यात आधी.

पाचापैकी साडेतीन स्टार. मूल दहावीच्या आत असेल, खात्यावर खरं वय असेल आणि तुम्ही स्वतः फॅमिली सेंटर, म्हणजे देखरेखीची सेटिंग्ज असतात ती जागा, उघडून अर्धा तास बसणार असाल तर जरूर जोडा. मुलाकडूनच जोडून घेणार असाल तर राहू द्या.