लिबरऑफिस, स्क्रायबस आणि त्यांचे कैवारी : वर्षभराच्या वापरानंतर

लालबागमध्ये माझे डीटीपीचे (संगणकावर छपाईची पाने मांडण्याचे) छोटे कार्यालय आहे. गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका आणि हंगामात एखादा दिवाळी अंक, असे कामाचे स्वरूप आहे. गेल्या गणेशोत्सवानंतर दोनपैकी एका संगणकावर मी लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून लिबरऑफिस (लेखन आणि तक्त्यांसाठी), स्क्रायबस (पानांच्या मांडणीसाठी) आणि इंकस्केप (चित्रांसाठी) वापरू लागले. ही सारी मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारी. दुसऱ्यावर वर्गणी भरून घेतलेले व्यावसायिक सॉफ्टवेअर तसेच ठेवले. मुक्त सॉफ्टवेअर वापरताना अडले तर विचारायचे ते बहुधा इतर वापरकर्त्यांनाच, त्यामुळे त्या माणसांचा स्वभाव हा त्या वस्तूचाच एक भाग ठरतो आणि त्याबद्दलही लिहिणे मला भाग आहे.

आधी वस्तूंबद्दल. स्क्रायबसच्या १.४ या जुन्या मालिकेत देवनागरी जोडाक्षरांची जुळणी होत नसे, त्यामुळे मराठी कामासाठी त्याचा विचार करण्यात अर्थ नव्हता. १.५ या विकास-मालिकेत (चाचणीसाठीच्या आवृत्त्यांत) ती सोय आली आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती निघाली, तेव्हापासून चित्र बदलले. चार रंगांची छपाईयोग्य पीडीएफ स्क्रायबस व्यवस्थित देते. इंकस्केप पत्रिकांच्या नक्षीकामाला उत्तम आहे, मात्र ते मुळात पडद्यावरच्या रंगांत विचार करते, म्हणून छपाईचे रंग मी स्क्रायबसमध्येच ठरवते. लिबरऑफिसबद्दल विशेष तक्रार नाही.

खरी अडचण फाँटची आहे. संस्थेचे सचिव अहवाल वर्डमध्ये मंगल फाँटमध्ये टाइप करून पाठवतात. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा फाँट असल्यामुळे लिनक्सवर तो नसतो. लिबरऑफिस त्याच्या जागी लोहित किंवा नोटो हे मुक्त फाँट वापरते, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि ताळेबंदाचा तक्ता पुढच्या पानावर जातो. ही अडचण मी मुक्त आणि व्यावसायिक अशा दोन्ही सॉफ्टवेअरच्या कैवाऱ्यांच्या गोटांत मांडली. व्यावसायिक बाजूच्या मंडळींचे उत्तर असे, की फुकटच्या वस्तूकडून आणखी काय अपेक्षा करणार. मुक्त बाजूच्या कट्टर मंडळींनी सचिवांनी मंगल वापरावाच का, येथपासून सुरुवात करून माझ्या दुसऱ्या संगणकावरील वर्गणीच्या सॉफ्टवेअरपर्यंत मजल मारली. ते काढून टाकल्याशिवाय माझ्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची पात्रता मला नाही, असाच एकंदर सूर होता. पुढच्या आठवड्यात वार्षिक सर्वसाधारण सभा असलेल्या सचिवांना सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याची दीक्षा देणे माझ्या दरपत्रकात बसत नाही.

उत्तर मिळाले ते दोन्ही प्रकारची साधने वापरणाऱ्या एका ऑपरेटरकडून, आणि ते चार ओळींचे होते : सचिवांच्या संगणकावर आणि आपल्या संगणकावर एकच मुक्त परवान्याचा युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरांचे समान संकेत मानणारा) फाँट बसवा, मग फाइल कोठेही उघडा. मुंबईतल्याच एक टाइप या संस्थेने तयार केलेला मुक्ता फाँट मी निवडला. तेव्हापासून तक्ता जागेवर आहे.

व्यावसायिक सॉफ्टवेअरचा कैवार सर्वांत हिरिरीने घेणाऱ्या अनेकांच्या संगणकावर त्याच सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली फुकट प्रत असते, ही आमच्या व्यवसायातील जुनी गंमत आहे. १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना खुले पत्र लिहून पैसे न देता मायक्रोसॉफ्टच्या बेसिक या संगणक-भाषेच्या प्रती वापरल्या जात असल्याची तक्रार केली होती. आज त्यांनी आमच्या गल्लीत फेरी मारली, तर आपले निष्ठावंत पाहून त्यांना काय वाटेल, कोण जाणे.

कंपन्यांनी मात्र हे वैर केव्हाच गुंडाळून ठेवले आहे. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटले होते. त्याच कंपनीने २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनचे सदस्यत्व घेतले आणि २०१८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा कोड जेथे ठेवला जातो ते गिटहब हे संकेतस्थळ विकत घेतले. उलट मुक्त गोटातली भाऊबंदकी संपता संपत नाही. लिनक्सवरील केडीई या डेस्कटॉपचा पाया असलेल्या क्यूटी या सॉफ्टवेअर-संचाचा परवाना पुरेसा मुक्त नाही म्हणून १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप उभा राहिला, आणि क्यूटीचा परवाना बदलून कितीतरी वर्षे झाली तरी दोन्हींचे पाईक एकमेकांना आजही टोमणे मारतात. अर्थात प्रत्येक फूट वाईट नसते. ओपनऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर ज्या सन कंपनीकडे होते ती ओरॅकलने घेतल्यावर २०१० मध्ये ओपनऑफिसमधील अनेक जण बाहेर पडले नसते, तर मी आज वापरते ते लिबरऑफिस अस्तित्वात आले नसते. तेथे भांडणातून प्रत्यक्ष काम उभे राहिले. एखाद्या ऑपरेटरला कोणते बोधचिन्ह आवडते यावरून त्याची लायकी ठरवण्यातून असे काहीही उभे राहत नाही.

शिकण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडला तो पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा दृक्‌श्राव्य धड्यांचा उपक्रम. लिबरऑफिसचे धडे त्यात मराठीतून आहेत, आणि निवेदक कोणाचाही उद्धार न करता कोणत्या मेनूत जाऊन काय निवडायचे एवढेच सांगतो. नव्या सहायिकेला मी तेथूनच सुरुवात करायला लावली.

छापखान्यांचा अनुभव संमिश्र आहे. लोअर परळचा एक छापखाना माझी स्क्रायबसची पीडीएफ विनातक्रार छपाईच्या प्लेटसाठी घेतो. दुसरा ‘ओपन फाइल’च (बदल करता येईल अशी मूळ फाइल) मागतो, कारण त्यांचा ऑपरेटर शेवटच्या क्षणी जाहिरात बदलतो, आणि स्क्रायबसची फाइल त्याच्याकडे उघडत नाही. दिवाळी अंक त्याच छापखान्यात जात असल्यामुळे हंगामापुरती वर्गणी मी चालू ठेवणार आहे. अहवाल, पत्रिका आणि स्मरणिका मात्र आता पूर्णपणे लिनक्सच्या संगणकावर होतात. जुने, युनिकोडपूर्व फाँटमधले मजकूर दोन्हीकडे सारखेच छळतात. ते परिवर्तकातून (जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या साधनातून) काढून रफार आणि वेलांट्या हाताने तपासण्याला कोणत्याही पक्षाकडे पर्याय नाही, आणि त्यासाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घ्यावेत.