पिचिंगसाठी धोबीतलावचा ग्लव्ह: पैसे वसूल, फक्त लेस चेक करा
मुलीला पिचिंग (बेसबॉलमध्ये बॅटरकडे बॉल टाकणं) शिकायचंय म्हणून मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ जी स्पोर्ट्सची दुकानं आहेत ना, तिथून बेसबॉल ग्लव्ह घेतला, बारा इंची, लेदरचा. मेन गोष्ट म्हणजे अंगठा आणि पहिल्या बोटामधली जाळी पूर्ण बंद पायजे, आरपार काही दिसता कामा नये, कारण आत बॉलच्या शिवणीवर बोटं कशी ठेवलीत ते बॅटरला दिसलं तर फास्टबॉल (सरळ, वेगवान) येणार की स्लायडर (बाजूला वळणारा) हे त्याला आधीच कळतं. ह्याची जाळी एकदम मस्त बंद आहे.

दुकानातले काका बोलले स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) असो की क्लोजर (शेवटी येऊन मॅच संपवणारा), ग्लव्ह हाच चालतो. बरोबरच आहे, अमेरिकेतल्या जॉन स्मोल्ट्झ ह्या पिचरचं बघा ना, 1996 ला अटलांटा ब्रेव्हज टीमकडून 24 विजय आणि साय यंग अवॉर्ड (बेस्ट पिचरचा), मग कोपराचं ऑपरेशन, 2000 चा अख्खा सीझन गेला, आणि नंतर गडी क्लोजर झाला, 2002 ला 55 सेव्ह (शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवली की एक सेव्ह)! 2005 ला परत स्टार्टर. 200 च्या वर विजय आणि 150 च्या वर सेव्ह असलेला हा एकच पिचर, कमाल माणूस आहे. पोरीला मी तेच सांगतो, एकाच रोलमध्ये अडकू नको.

लेदर सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं कडक असतं, रात्री आत बॉल ठेवून दोरीने बांधायचं. करंगळीकडची लेस सैल होती, काकांनी लगेच आवळून दिली. डावखुऱ्यांचा पीस मागवावा लागतो, तेव्हा विचारूनच जा.