अँड्रॉइड फोनची दुरुस्ती शिकायची तर लॅपटॉपवर काय हवं: विंडोज की लिनक्स?

फोन रूट करायचा (म्हणजे त्याचा पूर्ण ताबा घ्यायचा), रॉम म्हणजे फोनमधली अख्खी सिस्टम बदलायची, बूटलूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा सुरू होण्याच्या चक्रात अडकलेला सेट बाहेर काढायचा किंवा कंपनीने भरून दिलेली नको ती ॲप्स उडवायची, यातलं काहीही शिकायला बसलं की थोड्याच दिवसांत एक प्रश्न समोर येतो. लॅपटॉपवर आहे ते विंडोजच चालवू, की लिनक्स टाकून घेऊ? मी दोन्हींवर काम केलंय आणि आजही माझ्या लॅपटॉपवर दोन्ही शेजारी शेजारी आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण तुमच्या हातात फोन कोणता आहे आणि तुम्हाला हे कशासाठी शिकायचंय, यावर उत्तर थोडं बदलतं, म्हणून आधी विंडोजची बाजू मांडतो.

विंडोजची बाजू भक्कम आहे ती फोन कंपन्यांमुळे. त्यांची स्वतःची टूल्स बहुतेक विंडोजसाठीच बनतात. सॅमसंगचं ओडिन हे मुळात कंपनीच्या आतलं, बाहेर फुटलेलं टूल; पण गॅलेक्सीत सॉफ्टवेअर मारायला जगभर तेच वापरतात. बीएल, एपी, सीपी, सीएससी (फोन सुरू करणारा बूटलोडर, मुख्य सिस्टम, मोडेम आणि देश-कंपनीनुसारच्या सेटिंग्ज) या फायली आपापल्या रकान्यात लावायच्या, साध्या सीएससीऐवजी होम सीएससी घेतली तर डेटा सहसा शाबूत राहतो, मग स्टार्ट दाबायचं. लिनक्सवर हाइमडाल नावाचा पर्याय आहे, पण नव्या गॅलेक्सींवर त्याच्या भरवशावर बसा असं मी कुणाला सांगणार नाही. शाओमीचा बूटलोडर अनलॉक करण्याचं, म्हणजे तो बाहेरचं सॉफ्टवेअर स्वीकारेल असा मोकळा करण्याचं, अधिकृत टूलही विंडोजचंच. आणि उद्या मोबाईलच्या दुकानात बसून हाच धंदा करायचा असेल तर फार विचार करू नका: दुकानात चालणारे बॉक्स, डोंगल आणि वर्षाच्या वर्गणीवरची अनलॉकिंगची सॉफ्टवेअर्स जवळपास सगळी विंडोजवर चालतात, शिकवणारेही तिथेच शिकवतात.

म्हणजे गॅलेक्सीवाला आणि दुकानवाला यांच्यासाठी निकाल इथेच लागला म्हणा. बाकीच्यांसाठी पुढचं लिहितोय.

माझा निर्णय ज्या एका कटकटीमुळे झाला ती ड्रायव्हरची, म्हणजे लॅपटॉपला फोन ओळखायला लावणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची. वरवर पाहता ही किरकोळ गोष्ट वाटते. पण यूएसबीच्या बाजूने पाहिलं तर आपला एक फोन हा एक फोन नसतोच. अँड्रॉइड चालू असताना त्याचा ओळखक्रमांक एक, फास्टबूटमध्ये (सॉफ्टवेअर टाकायच्या मोडमध्ये) दुसरा, रिकव्हरीत (दुरुस्तीच्या मोडमध्ये) बहुधा तिसरा. त्याच्याही खाली क्वालकॉम चिप असेल तर ०५सी६:९००८ हा इमर्जन्सी डाउनलोडचा, मीडियाटेक असेल तर ०ई८डी:२००० हा प्रीलोडरचा नाहीतर ०ई८डी:०००३ हा बूटरॉमचा (दोन्ही फोन सुरू होतानाच्या अगदी पहिल्या टप्प्यांतले प्रोग्राम). विंडोजच्या लेखी ही सगळी वेगवेगळी उपकरणं, आणि प्रत्येकाला त्याचा ड्रायव्हर जोडलेला असावा लागतो.

याचा परिणाम कसा होतो तो पाहा. फोन चालू आहे, यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून हुकूम घेण्याची फोनची सोय) सुरू आहे, ते हुकूम देणाऱ्या एडीबी टूलमध्ये ‘एडीबी डिव्हायसेस’ लिहिलं, सीरियल नंबर आला, पुढे ‘डिव्हाइस’ असंही आलं. सगळं जागच्या जागी. मग ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ दिलं. फोन काळा होऊन फास्टबूटच्या स्क्रीनवर उभा राहिला. आता ‘फास्टबूट डिव्हायसेस’ लिहा: काहीच येत नाही, नुसती रिकामी ओळ. फ्लॅशची कमांड दिली तर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ एवढंच, आणि कर्सर लुकलुकत राहतो. डिव्हाइस मॅनेजर उघडलं की ‘अदर डिव्हायसेस’खाली ‘अँड्रॉइड’ लिहिलेलं असतं आणि त्यावर पिवळा त्रिकोण. मग राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, स्वतः यादीतून निवडतो म्हणायचं, गुगलचा यूएसबी ड्रायव्हर दाखवायचा, ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ निवडायचं, विंडोज इशारा देईल तो मान्य करायचा. हे अलीकडे बरंच सुधारलंय हेही सांगायला हवं. विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये हा ड्रायव्हर अनेकदा आपोआप येतो, आणि बऱ्याच फोनांच्या बाबतीत वरचं काही करावंही लागत नाही.

खरी अडचण त्याच्या खालच्या पातळीवर, फोन पूर्ण डेड असताना येते. मीडियाटेकच्या सेटमध्ये प्रीलोडर जोडल्याजोडल्या दोन-तीन सेकंदच दिसतो आणि जातो. तेवढ्यात ड्रायव्हर लागला तर लागला. त्यातून बरेच जुने ड्रायव्हर विंडोजला मान्य नसतात, मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि तिथे सात नंबर दाबून ड्रायव्हरवर डिजिटल सही असण्याची सक्ती तात्पुरती बंद करायची. पुढच्या रीस्टार्टला ती पुन्हा सुरू. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर तीही काही जुने ड्रायव्हर अडवते. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपण शिकायला बसलोय फोन, आणि वेळ जातोय विंडोजची समजूत काढण्यात.

मावसभावाचा एक सेट असाच लोगोवर अडकून शेवटी पूर्ण गप्प झाला होता. विंडोजवर संध्याकाळभर माझं एकच चाललं होतं: हा ड्रायव्हर काढ, तो टाक, रीस्टार्ट, पुन्हा जोड. त्रास त्या खटाटोपाचा नव्हता. त्रास होता तो काहीच कळत नसल्याचा. फोन मेलाय का? केबल खराब आहे का? की फोन चांगला बोलतोय आणि ड्रायव्हरच बहिरा आहे? तिन्ही शक्यता शेवटपर्यंत तशाच उभ्या. त्याच लॅपटॉपवर लिनक्स सुरू केलं, तीच केबल, तोच फोन, व्हॉल्यूमची बटणं दाबून जोडला आणि जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ कमांड लिहिली. ०ई८डीची, म्हणजे मीडियाटेकची ओळ समोर. फोन जिवंत आहे, केबल ठीक आहे, हे एका ओळीत कळलं. पुढे मीडियाटेक फोनांसाठीच्या एमटीके क्लायंट टूलने पार्टिशन (मेमरीचा एक भाग) लिहून तो उठलाही, पण माझ्यासाठी प्रश्न त्या ओळीपाशीच मिटला होता.

लिनक्सवर असं का होतं, तर एडीबी आणि फास्टबूट तिथे यूएसबीशी थेट बोलतात. प्रत्येक अवतारासाठी वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. प्रश्न राहतो फक्त परवानगीचा. पहिल्यांदा जोडल्यावर ‘नो परमिशन्स’ असं येऊ शकतं, आणि त्याच ओळीत यूडेव्हचे (उपकरण कुणी वापरायचं हे ठरवणारे) नियम नसावेत असा अंदाजही दिलेला असतो. उबुंटू, मिंट, डेबियन यांवर ‘अँड्रॉइड एसडीके प्लॅटफॉर्म टूल्स कॉमन’ हे पॅकेज टाकायचं, केबल काढून पुन्हा लावायची, झालं. माझ्या लिनक्सवर हे एकदाच करावं लागलं, त्यानंतर कुठल्या कुठल्या कंपनीचे फोन लावले पण पुन्हा त्या वाटेला जावं लागलेलं नाही.

शिकणाऱ्याला याहून उपयोगी वाटावी अशी गोष्ट म्हणजे ‘डीमेसेज’, कर्नलच्या (सिस्टमच्या गाभ्याच्या) नोंदी दाखवणारी कमांड. सुडो लावून डब्ल्यूच्या पर्यायासह एका खिडकीत चालू ठेवायचं आणि दुसरीकडे काम करायचं. केबल जोडली की कर्नल काय पाहतोय ते ओळीओळीने उतरत जातं. केबल फक्त चार्जिंगची असेल तर एकही ओळ उमटत नाही, फोन मात्र चार्ज होत राहतो; म्हणजे आधी केबल बदला. चार्जिंग पोर्ट सैल असेल तर जोडलं-सुटलं, जोडलं-सुटलं अशी माळ लागते. म्हणजे सॉफ्टवेअर मारण्याआधी पोर्ट बघा. फोन दर काही सेकंदांनी नवा क्रमांक घेऊन येत असेल तर तो प्रीलोडरमध्येच फिरतोय. दुकानात जुने कारागीर फोन हातात घेऊन जे ओळखतात त्यातलं पुष्कळसं इथे वाचायला मिळतं. विंडोजमध्ये याच्या जवळ जाणारं काही नाही असं नाही, पण ते शोधावं लागतं. इथे ते पहिल्या दिवसापासून समोर असतं.

आणखी एक कारण आहे, ते हळूहळू पटत जातं. ‘एडीबी शेल’ने फोनच्या आत शिरलात की तिथेही लिनक्सचाच कर्नल आहे. फायली बघणं, परवानग्या बदलणं, पार्टिशन माउंट करणं, डीडी या कमांडने बूट इमेजची (फोन सुरू करणाऱ्या भागाची) प्रत घेणं, या कमांड इकडेही त्याच, तिकडेही त्याच. लॅपटॉपवर शिकलेलं फोनमध्ये कामाला येतं आणि फोनमध्ये शिकलेलं लॅपटॉपवर. विंडोजवर दोन सवयी सांभाळाव्या लागतात आणि मधल्या सांध्यावर काही गोष्टी नकळत बिघडतात. एक नमुना सांगतो: ‘एडीबी एक्झेकआउट’ने स्क्रीनशॉट घेऊन तो थेट फायलीत वळवला, तर विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ती पीएनजी उघडतच नाही, कारण पॉवरशेल त्या बाइट्सना मजकूर समजून बदलून टाकतं. तीच कमांड साध्या सीएमडीत चालते. स्क्रीनशॉट गेला तर पुन्हा घेता येतो. पण अशाच पद्धतीने कुणी बूट पार्टिशनचा बॅकअप घेतला असेल तर तो वेळेवर कामाचा नाही.

लिनक्सच्या उणिवा लपवत नाही. एक म्हणजे मोडेम मॅनेजर नावाची सेवा. सीरियल पोर्टसारखं काही दिसलं की हा मोडेम आहे का, असं ती स्वतःहून विचारत बसते, आणि डेड फोनशी बोलताना नेमकी मध्ये येते. काम सुरू करण्याआधी ‘सिस्टमसीटीएल’ कमांडने ती थांबवायची सवय लावा. दुसरं, वितरणाच्या (उबुंटू, मिंट वगैरेंच्या) भांडारातलं फास्टबूट बऱ्याचदा जुनं असतं. अँड्रॉइड १० पासून गरजेनुसार लहान-मोठे होणारे डायनॅमिक पार्टिशन आले, त्यांना फास्टबूटडी (फास्टबूटचाच नवा प्रकार) समजणारी नवी आवृत्ती लागते. त्यामुळे गुगलची प्लॅटफॉर्म टूल्सची झिप उतरवून तीच वापरा. हे विंडोजवाल्यांनाही लागू. तिसरं, क्वालकॉमच्या फोनांत सॉफ्टवेअर टाकणारं क्यूफिल विंडोजचं आहे. लिनक्सवर पायथनमधलं ईडीएल नावाचं टूल चालतं, चांगलं चालतं, पण बटणं नाहीत, सगळं लिहून करायचं. ज्याला काळी खिडकी बघितली की धास्ती वाटते त्याला सुरुवातीचे काही दिवस जड जातील.

दोन्हींकडे सारखेच असलेले प्रश्न पटकन उरकतो. बूटलोडर अनलॉक केला की फोन पुसला जातो. त्यानंतर बँकेची आणि यूपीआयची काही ॲप्स रुसू शकतात, म्हणून रोजच्या वापरातल्या फोनवर हात साफ करू नका, घरात पडलेला जुना सेट घ्या. मॅजिस्क या रूट करण्याच्या टूलसाठी बूट इमेज पॅच करायची, पण अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आलेल्या फोनांत बहुधा इनिट-बूट ही वेगळी इमेज लागते. काही रायझन लॅपटॉपवर यूएसबी ३ च्या पोर्टात फास्टबूट मध्येच तुटतं. साधा यूएसबी २ चा हब मध्ये लावून बघा. आणि डेस्कटॉपऐवजी बॅटरीवाला लॅपटॉप बरा, आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि पार्टिशन लिहिताना ती गेलेली परवडत नाही.

मधले मार्ग विचारणारे पुष्कळ भेटतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) लिनक्स चालवलं तर नाही का भागणार? एडीबीपुरतं भागतं. पण फोनने मोड बदलला की तो यूएसबीवरून सुटून नव्या क्रमांकाने येतो, आणि तो पुन्हा मशीनच्या आत ढकलेपर्यंत प्रीलोडरचे ते दोन-तीन सेकंद संपलेले असतात. विंडोजच्या आतच लिनक्स देणाऱ्या डब्ल्यूएसएलचंही तेच, तिथे यूएसबी आत न्यायलाच वेगळं टूल लागतं. त्यापेक्षा पेन ड्राइव्हवर मिंट किंवा उबुंटू लिहून, इन्स्टॉल न करता तसंच सुरू करा. लॅपटॉपला धक्का लागत नाही आणि तुमचा फोन तिथे कसा दिसतो हे अर्ध्या तासात कळतं. फक्त रॉमच्या मोठ्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर रॅम भरेल. मॅक असेल तर ड्रायव्हरची कटकट तिथेही नाही, पण कंपन्यांची टूल्सही नाहीत.

तर निवड अशी करा. आधी फोनची कंपनी आणि चिप बघा. गॅलेक्सी असेल किंवा दुकान टाकायचं असेल तर विंडोजवर राहा आणि ड्रायव्हर एकदा नीट बसवून घ्या. पिक्सेल, मोटोरोला, वनप्लस, शाओमी किंवा एखादा जुना मीडियाटेक सेट असेल, आणि फोन दुरुस्त होण्याइतकंच तो का बिघडला हे कळणंही तुम्हाला महत्त्वाचं वाटत असेल, तर मला तरी लिनक्स बरं वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. ज्या जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही तो असाही या कामासाठी मोकळा झालाय. मात्र त्यावरचं विंडोज लगेच पुसू नका. शाओमीच्या अनलॉकसाठी ते लागेल, आणि परवानगी मिळेपर्यंत तिथे अनेकदा आठवडाभर, म्हणजे १६८ तास थांबावं लागतं. तो अर्ज आजच करून ठेवा आणि मधल्या दिवसांत एडीबी शेलवर हात बसवा.