विंडोज ११ होम, सात महिने वापरून: अपडेट बंद केले नाहीत, बुधवार नेमून दिला

दिवाळी पाडव्याला नवा डेस्कटॉप घेतला. जुना बिचारा चालत होता, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या अटींत तो काही बसेना. नव्यात ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, विंडोज ११ होम, म्हणजे घरगुती आवृत्ती. मशीनबद्दल सांगण्यासारखं फार नाही, झटकन सुरू होतं, तापत नाही. सात महिने खरी झटापट झाली ती अपडेटशी.

दुकानातल्या पोराने जोडणी करतानाच विचारलं होतं, "काका, अपडेट बंद करून देऊ का? कटकटच नको." बरेच जण करून घेतात म्हणे. मी नको म्हटलं, त्याला कारण आहे. माझी नोकरी क्लिअरिंग-फॉरवर्डिंगमधली, म्हणजे बंदरातून माल सोडवायची-पाठवायची. जून २०१७ मध्ये न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलची यंत्रणा व्हायरसमुळे बसली, तेव्हा कंटेनरच्या गाड्यांचा खोळंबा जवळून बघितलाय. तो व्हायरस पसरायला विंडोजमधल्या ज्या भोकाचा उपयोग करत होता, ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघालेला होता. आणि गंमत बघा, युक्रेनमध्ये तो मुळात शिरला तोच एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! त्यामुळे अपडेटवर माझी भाबडी श्रद्धा नाही, पण ते बंद करायची छातीही होत नाही.

पहिला फटका पहिल्याच दिवशी. फायबरवाला आठवड्याने येणार होता म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, आणि दुपारचा चहा होईपर्यंत दिवसाचा २ जीबी डेटा साफ. चूक माझीच. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' नावाचं बटण असतं, ते चालू केलं की अगदी निकडीचं सोडून बाकीचे अपडेट उतरवायचे थांबतात. हे प्रत्येक नेटवर्कला वेगवेगळं करावं लागतं. फायबर आल्यावर तिथे बंद ठेवलं, हॉटस्पॉटला अजून चालू आहे.

मग 'ॲक्टिव्ह अवर्स'. या वेळेत कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होत नाही, जास्तीत जास्त १८ तास देता येतात. आमची बायको सकाळी साडेसहाला न्यू जर्सीतल्या मुलांना हार्मोनियम शिकवते, रात्री मुलाचा अभ्यास. म्हणून मी सकाळी ६ ते रात्री ११ अशी वेळ टाकली आणि निर्धास्त झालो. पुढे दीड महिना अपडेटची पिवळी खूण तशीच. का, ते कळायला मला वेळ लागला. ही सोय रात्रभर चालू राहणाऱ्या कॉम्प्युटरसाठी आहे. आमच्याकडे रात्री अकरानंतर कॉम्प्युटर चालू कुठे असतो? नाना, म्हणजे माझे वडील, झोपायच्या आधी घरातलं एकूण एक बटण भिंतीवरून बंद करतात. टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा त्यांना खपत नाही.

एका रात्री मी हुशारी करून 'अपडेट अँड शट डाऊन' दाबलं आणि झोपायला गेलो. पडद्यावर टक्के चढत होते. नाना पाणी प्यायला उठले, त्यांना उजेड दिसला, खट्. सकाळी सहा पंचवीसला बायको बसली तर समोर गोल फिरतोय आणि 'केलेले बदल मागे घेत आहे' अशा अर्थाचा इंग्रजी निरोप. तिकडे पोरं वाट बघतायत. शेवटी वर्ग मोबाइलवर घेतला, हार्मोनियमवर फोन टेकवून. दिवसभर माझ्याशी ती मोजकंच बोलली. नाना मात्र ठाम: "अरे, बंद केलेलं यंत्र चालू कसं असेल?"

तेव्हापासून वार ठरवला. मायक्रोसॉफ्टचा महिन्याचा मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, थंडीत साडेअकरा. म्हणजे आपल्यासाठी तो बुधवारचाच. मी एक आठवडा थांबतो, काही गडबड असली तर तोवर बोभाटा झालेला असतो. पुढच्या बुधवारी जेवणं झाली की स्वतः जाऊन अपडेट टाकतो. साधारण अर्धा तास. हा थांबायचा आठवडा 'पॉज अपडेट्स'मधून मिळतो. होममध्येही पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, मुदत संपली की मात्र आधी सगळं टाकून घ्यावं लागतं, मगच पुन्हा पॉज. मुलाच्या दहावीच्या परीक्षेत पूर्ण पाच आठवडे वापरले.

'ऑप्शनल अपडेट्स'मधले ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी जोडलेली यंत्रं चालवणारे छोटे प्रोग्राम, उगाच टाकू नका. मी हौसेने प्रिंटरचा टाकला आणि त्याने कोरे कागद काढायला सुरुवात केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' केल्यावर ताळ्यावर आला. दुसरं, बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, अपडेट टाकण्याआधी डिस्कची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नव्या मशीनमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते, आणि अशा अपडेटनंतर ते कुलूप उघडायला ती की मागितली जाऊ शकते. मला मागितली. की मायक्रोसॉफ्ट खात्यात होती, खात्याचा पासवर्ड त्याच कॉम्प्युटरमधल्या वर्ड फाइलमध्ये. हसू नका. शेवटी मोबाइलवर नवा पासवर्ड घेऊन सुटलो.

स्विचबोर्डाशेजारी आता एक चिठ्ठी डकवलीय: 'बुधवार. डब्यावरचा निळा दिवा विझल्याशिवाय बटण बंद करू नये.' अक्षर नानांचं. गेल्या बुधवारी अपडेट ७४ टक्क्यांवर अडकल्यासारखा झाला, तर ते खुर्ची ओढून दिव्यासमोर बसले आणि मला म्हणाले, "तू झोप, मी बघतो."