एकच खुले एसक्यूएल टूल की नेमक्या कामांची टूल्स?

एआय एजंटला, म्हणजे दिलेली टूल्स (तयार प्रोग्राम) स्वतः निवडून काम करणाऱ्या मॉडेलला, डेटाबेसपर्यंत नेण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिल्यात त्याला एकच टूल मिळते आणि त्यातून तो स्वतः लिहिलेली कोणतीही एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसच्या भाषेत त्याला विचारलेला प्रश्न) चालवू शकतो. दुसऱ्यात ‘जिल्हानिहाय विक्री’, ‘ग्राहकाच्या ऑर्डरी’ अशी ठरावीक कामांची टूल्स मिळतात आणि त्याने फक्त पॅरामीटर, म्हणजे तारीख किंवा जिल्हा यांसारखी मूल्ये, भरायचे असतात. टूलच्या आतला कोड एजंटला एरवी दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (कोणते मूल्य कोणत्या रूपात द्यायचे याचा आराखडा) एवढ्यावरच तो कोणते टूल केव्हा वापरायचे ते ठरवतो. त्यामुळे मार्ग निवडताना प्रत्येक मार्गात किती अर्थ वर्णनात लिहावा लागेल आणि तो पुढे कोण अद्ययावत ठेवणार, हे आधी पाहावे, असे मला वाटते.

खुल्या टूलचे बळ असे की, कोणी आधी कल्पनाही न केलेला प्रश्न त्याला विचारता येतो. मात्र टेबलांची आणि कॉलमांची यादी दिली म्हणजे वर्णन झाले, असे होत नाही. रक्कम रुपयांत आहे की पैशांत, स्थिती ३ म्हणजे रद्द की परत, ‘या वर्षी’ म्हणजे जानेवारीपासून की एप्रिलपासून, हे कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असते. डेटाबेसच्या स्कीमात, म्हणजे टेबल-कॉलमांच्या आराखड्यात, ते क्वचितच सापडते. वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवलेली असेल, तर भारतात पहाटे साडेपाचच्या आधी आलेली ऑर्डर आदल्या तारखेत मोजली जाते. जिल्ह्यांची नावे तर याहून अवघड आहेत. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले; जुन्या नोंदी जुन्याच नावाने राहिल्या असतील, तर नव्या नावाने शोधणाऱ्या एजंटला आधीची सगळी विक्री दिसणार नाही आणि राज्याची अट न घालता जुन्या नावाने शोधल्यास बिहारमधील औरंगाबादही बेरजेत येईल. यांपैकी कोणतीही क्वेरी त्रुटी दाखवत नाही, आणि म्हणूनच या चुका घातक ठरतात. साध्या भाषेतील प्रश्नांवरून एसक्यूएल लिहिण्याच्या, २०२३ च्याच ‘बर्ड’ या चाचणीसंचात अनेक प्रश्नांसोबत अशी पूरक माहिती दिलेली आहे आणि ती मिळाल्यावर मॉडेलांची अचूकता लक्षणीय वाढते, असे त्याच्या कर्त्यांना आढळले.

नेमक्या टूल्समध्ये हा गुंता कोडमध्ये एकदाच सोडवता येतो: जिल्ह्यांचे ठरलेले संकेतांक पॅरामीटरच्या स्कीमातच देता येतात आणि वेळेचे रूपांतर आत होते. येथे वर्णनाचे खरे काम टूलची हद्द सांगण्याचे असते. ‘विक्रीची माहिती देते’ हे वाक्य एजंटच्या काहीच उपयोगाचे नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘दिलेल्या दोन तारखांमधील, दोन्ही दिवस धरून व भारतीय वेळेनुसार, पूर्ण झालेल्या ऑर्डरींची जिल्हानिहाय बेरीज रुपयांत देते. रद्द व परत आलेल्या ऑर्डरी धरलेल्या नाहीत. एकाच ग्राहकाचा तपशील हवा असल्यास “ग्राहकाच्या ऑर्डरी” हे टूल वापरावे.’ यादी देणारे टूल १०० ओळींनंतर निकाल तोडत असल्यास तसे वर्णनात आणि उत्तरातही सांगावे, नाहीतर एजंट त्या १०० ओळींचीच बेरीज एकूण विक्री म्हणून देण्याची शक्यता असते. अडचण टूल्स वाढल्यावर येते, कारण मिळत्याजुळत्या वर्णनांत निवड चुकते आणि प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भात (एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरात) जागा घेते.

सुरक्षेचा भार मात्र कोणत्याच मार्गात वर्णनावर टाकू नये. ‘फक्त सिलेक्ट (डेटा वाचण्याची एसक्यूएल आज्ञा) वापरावे’ ही केवळ सूचना आहे. बंधन हवे असेल तर डेटाबेसमध्ये केवळ वाचण्याचा अधिकार असलेली भूमिका (एजंटचे खाते) आणि क्वेरीला कालमर्यादा द्यावी लागते.

विचारणारे शाखेतील कर्मचारी असतील, त्यांना क्वेरी वाचता येत नसेल आणि प्रश्न फिरून फिरून तेच येत असतील, तर मी निःसंकोच नेमकी टूल्स निवडेन. क्वेरी स्वतः तपासू शकणारे विश्लेषक असतील तर खुले टूल योग्य ठरते, पण ते मूळ टेबलांवर न चालवता स्वच्छ केलेल्या व्ह्यूंवर (मूळ टेबलांवरून क्वेरीने बनवलेल्या आभासी टेबलांवर) चालवावे आणि पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये प्रत्येक कॉलमचा अर्थ कॉमेंट म्हणून तिथेच नोंदवावा, म्हणजे टूलचे वर्णन त्यातूनच तयार करता येते. दोन्ही एकत्र द्यायचे ठरल्यास खुल्या टूलच्या वर्णनाचे पहिलेच वाक्य असे असावे की, नेमक्या टूल्सनी उत्तर मिळत नसेल तरच हे वापरावे.