तीन महिन्यांत सेंद्रिय करून देतो म्हणाला

आमची बाग देवगड तालुक्यात, कातळावर. सासऱ्यांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती वाहून आणली आणि हापूसची कलमं जगवली. आज ८४ आहेत. गेल्या मोसमात सेंद्रियच्या प्रमाणपत्रावरून आमची फसवणूक झाली. सेंद्रियकडे वळू बघणारे बागायतदार कोकणात बरेच आहेत आणि फसवणारा माणूस अजून मोकळा फिरतो आहे, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही सेंद्रियकडे वळलो ते कुणाच्या भरीला पडून नव्हे. फवारणीच्या दिवशी गड्यांचे डोळे चुरचुरायचे, एकाला तर बागेतच चक्कर आली. वर्षानुवर्षं कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून झाडाची वाढ रोखणारं रसायन, घालून कलमं खुरटली होती, पेरं आखूड, पानं गुच्छागुच्छाने. शेवटी एका पावसाळ्यात कल्टार आणि फवारे दोन्ही बंद केले. शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि जीवामृत सुरू केलं. २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, वर मूठभर बागेतलीच माती. पहिल्या वर्षी मोहोर निम्म्यावर आला, घरात कुरबुरी झाल्या. दुसऱ्या वर्षी आच्छादन बाजूला केलं तर खाली गांडुळं वळवळताना दिसली. गडग्याशेजारी ठेवलेल्या पेटीत सातेरी मधमाश्या वस्तीला आल्या. ते बघून मी सासऱ्यांना हाताला धरून बागेत नेलं होतं.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, तो आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, बोलणं गोड. "काकी, तुमची दोन वर्षं झालीच आहेत. मागच्या तारखेने नोंद दाखवू, तीन महिन्यांत सेंद्रियचं प्रमाणपत्र तुमच्या हातात. आंबाही आम्हीच उचलू, डझनाला १,२०० रुपये." सासरे ओटीवर बसून ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "अगो, तीन वर्सांचा काम तीन म्हयन्यात कसा होतला?" मी त्यांना म्हटलं, आता सगळं ऑनलाइन असतं. हे वाक्य मला आजही टोचतं.

नोंदणीचे म्हणून २२,००० रुपये घेतले, अर्धे रोख. मग अट घातली की बागेत फक्त त्यांचंच सेंद्रिय औषध मारायचं, नाहीतर प्रमाणपत्र रद्द होईल. लिटरला १,४५० रुपये, अशा १४ बाटल्या घेतल्या. एकूण ४२,३०० रुपये गेले.

त्या बाटलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं तिथेच उघड दिसत होतं. हिरवं लेबल, त्यावर कडुनिंबाच्या पानाचं चित्र, "१०० टक्के वनस्पतिजन्य". नोंदणी क्रमांक नाही, घटकांचं प्रमाण नाही, बॅच नंबर नाही. बूच उघडलं तर निंबोळीचा कडवट वास नव्हता. नाकात झोंबणारा, रॉकेलसारखा वास होता. मोहोरावर तुडतुडे आले तेव्हा संध्याकाळी फवारणी केली आणि सकाळी कलमाखाली मेलेल्या तुडतुड्यांचा थर. आम्ही खूश झालो. निंबोळी अर्क असा रातोरात मारत नाही. त्याने किडीचं खाणं सुटतं, वाढ अडते, काही दिवस जातात. हे मला माहीत होतं, स्वतः अर्क काढून वापरलेला होता. दोन दिवसांनी मधमाश्यांच्या पेटीपुढे गेले तर सारवलेल्या जमिनीवर माश्या पडलेल्या. काही अजून पाय हलवत होत्या. मी केरसुणीने त्या गोळा केल्या आणि थंडीने मेल्या असतील असं स्वतःला समजावलं. पुढे वाटाण्याएवढी कैरी असताना आणि सुपारीएवढी झाल्यावरही तीच बाटली फवारली.

फेब्रुवारीत प्रमाणपत्र आलं. रंगीत, शिक्क्याचं. एप्रिलमध्ये आंबा तयार झाला आणि त्याचा फोन बंद झाला. तेव्हा मी ओळखीपाळखीतून मुंबई-पुण्याच्या ३१ घरांना पेट्या पाठवल्या, प्रत्येक पेटीत त्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घालून. आंबा गवताच्या आढीत पिकवलेला, कार्बाइडचा कणही नाही. लोकांनी लहान मुलांसाठी म्हणून घेतला.

पुण्याच्या एका दुकानदाराने मात्र माल घेण्याआधी प्रमाणपत्राचा क्रमांक तपासला. क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्या राज्यातल्या हळद पिकवणाऱ्या गटाचा. मग मी आंबे आणि उरलेली बाटली प्रयोगशाळेत दिली. बाटलीत इमिडाक्लोप्रिड आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रिन निघालं, म्हणजे मी सोडलेलीच विषं. फळातही अंश सापडले.

जे मला आधी कळायला हवं होतं ते असं. निर्यातीसाठी आणि दुकानांतून विकायला जे प्रमाणन चालतं, त्यात कलमांसारख्या बहुवर्षायू पिकांना तीन वर्षांचा रूपांतरण काळ, म्हणजे रसायनं सोडून सेंद्रिय ठरेपर्यंतचा काळ, असतो आणि संस्थेचा माणूस प्रत्यक्ष बागेत येऊन तपासणी करतो. आमच्या बागेत कुणी पाऊलही टाकलं नव्हतं. प्रमाणन संस्था मान्यताप्राप्त आहे का ते अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, यादीत बघता येतं. प्रमाणपत्रावर तुमचं नाव, पीक, क्षेत्र आणि मुदत असते, ती ताडून बघा. पीजीएस-इंडिया ही दुसरी, सरकारी वाट. तिच्यात गावातलेच किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या बागा तपासतात. सगळ्यात जिव्हारी लागलं ते हे की थेट खाणाऱ्याला माल विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनी प्रमाणपत्राची सक्तीच केलेली नाही. ज्या कागदासाठी बाग नासवली, तो मला लागतच नव्हता.

आणि बाटली: कीड मारण्याचा दावा करणारं कुठलंही औषध, सेंद्रिय म्हणून विकलेलंसुद्धा, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. क्रमांक नसेल तर घेऊ नका, पक्कं बिल मिळत नसेल तरीही घेऊ नका. मी तालुका कृषी कार्यालयात आणि पोलिसांत तक्रार दिली आहे, अहवाल जोडला आहे. बिल नसल्यामुळे काम अडतं आहे.

आता शेजारच्या चार बागायतदारांना घेऊन पीजीएसचा गट करते आहे. तीन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची. सासरे ८१ वर्षांचे आहेत. मधमाश्यांची पेटी अजून रिकामीच आहे.

३१ पैकी २८ घरांना मी स्वतः फोन केला, झालं ते सांगितलं, पैसे परत केले. दादरच्या एका आजी रागावल्या, नातवाला रोज एक फोड देत होते म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. तीन नंबर लागत नाहीत. एप्रिलमध्ये देवगडहून सुतळीने बांधलेली लाकडी पेटी आणि आत हिरव्या शिक्क्याची झेरॉक्स तुमच्याकडे आली असेल, तर ती माझी. आंबा सेंद्रिय नव्हता. तुमचे पैसे मी बाजूला काढून ठेवले आहेत.