पांढऱ्या पिसांचे दोन सिनेमे: १९३९चा पाहावा की २००२चा?

'द फोर फेदर्स' पाहायचा असं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, कुठला? इंग्रज लेखक मेसनची याच नावाची कादंबरी १९०२ची, आणि तेव्हापासून तिच्यावर सिनेमे निघतच आलेत. मूकपट बाजूला ठेवू. १९५५चाही ठेवू, कारण त्यातली वाळवंटाची नि लढाईची बरीच दृश्यं १९३९च्या सिनेमातूनच उचलून रुंद पडद्यासाठी ताणलेली आहेत, आणि ते ताणलेलं कळतं. उरले दोन: झोल्टान कोर्डाचा १९३९चा आणि शेखर कपूरचा २००२चा. मी दोन्ही दोनदोनदा पाहिलेत. एकाकडे माझा कल आहे, तो लपणार नाहीच. पण दुसऱ्यावर अन्याय होऊ नये एवढा प्रयत्न करतो.

गोष्टीचा गाभा दोन्हीकडे तोच. सैन्याधिकारी हॅरी फेव्हरशॅम पलटण सुदानला निघायच्या तोंडावर राजीनामा देतो. मित्र त्याला पांढरी पिसं पाठवतात. आपल्याकडे बांगड्यांचा आहेर करतात, तसलाच प्रकार. ठरलेली बायको एथ्नी, तीही पाठ फिरवते. मग हा वेष पालटून एकटाच सुदानात जातो आणि ज्यांनी भित्रा म्हटलं त्यांनाच वाचवायला बघतो.

काळ मात्र दोघांनी वेगळा निवडलाय, आणि त्याने बराच फरक पडतो. कपूरचा सिनेमा १८८४-८५मधला, म्हणजे सुदानात महदी या धर्मनेत्याचं बंड पेटलं होतं आणि इंग्रज जनरल गॉर्डन खार्टूम शहरात वेढला गेला होता तेव्हाचा. मधोमध अबू क्लीयाची लढाई आहे, गॉर्डनच्या सुटकेला निघालेल्या फौजेची. कोर्डाचा गॉर्डनच्या मृत्यूपाशी सुरू होतो, मग दहा वर्षं पुढे जातो आणि इंग्रज सेनापती किचनेरच्या मोहिमेबरोबर २ सप्टेंबर १८९८च्या ओमडुर्मानच्या लढाईला पोचतो. अबू क्लीयात इंग्रजांचा चौकोन, म्हणजे चारी बाजूंना तोंड करून उभ्या शिपायांच्या रांगा, खरोखरच काही मिनिटं फुटला होता, ऐन वेळी त्यांची गार्डनर मशीनगन अडकली होती. ओमडुर्मानला तसं काही घडलं नाही. तिथे मॅक्सिम मशीनगनांपुढे महदीपंथाचे दहा हजारांवर लोक पडले आणि किचनेरच्या बाजूचे पन्नासाच्या आत. म्हणजे भीतीबद्दलच्या सिनेमाला लढाई हवी तर अबू क्लीयाचीच. ही निवड कपूरची अचूक आहे, यात वाद नाही.

आणि ती लढाई त्याने काढलीय जबरदस्त. कॅमेरा वर जातो, खाली वाळूत लाल डगल्यांचा चौकोन, आणि चहूबाजूंनी धूळ. जवळ येईपर्यंत आत उभं राहिलेल्या माणसाला काय वाटत असेल ते पोटात जाणवतं. (तिथल्या पलटणींनी लाल नव्हे, करडे डगले घातले होते, आणि ती लढाई अखेर इंग्रजांनी जिंकली होती. सिनेमात ते हरून पळतात. इतिहासाचा फार सोस असेल तर इथे जरा डोळे मिटा.) कोर्डाची लढाई तिच्यापुढे आज मिरवणुकीसारखी वाटते. तिच्यात एक गोष्ट मात्र आहे: ती सुदानात जाऊन चित्रित केलीय, १९३९च्या टेक्निकलरमध्ये, आणि ते ऊन खरं आहे. कपूरचं वाळवंट मोरोक्कोतलं. सुंदर आहे, अगदी फ्रेम करून लावावं असं. कोर्डाचं वाळवंट सुंदर वाटत नाही, तापलेलं वाटतं.

नटांचं थोडक्यात. हीथ लेजर सुरुवातीच्या भागात मला फार आवडला. राजीनाम्यानंतरचा त्याचा चेहरा पडलेला नसतो, गोंधळलेला असतो, आणि तेच बरोबर आहे. केट हडसनबद्दल न बोललेलं बरं. जुन्यातला जॉन क्लेमंट्स थोडा कोरडा, पण हॅरीचा मित्र ड्युरन्सच्या भूमिकेतला राल्फ रिचर्डसन एकटा अख्खा सिनेमा पेलतो. टेहळणीला खडकावर चढलेला असताना त्याचं हेल्मेट निसटून खाली घरंगळत जातं, आणि शत्रू जवळ असल्याने त्याला त्या उन्हात तसंच दबून राहावं लागतं. डोळे जातात ते त्यामुळे. नव्या सिनेमात त्याच माणसाचे डोळे लढाईत बंदूक तोंडावर फुटून जातात. दोन्ही पटतं. पण पहिलं पाहताना मी उगाचच डोक्यावर हात ठेवला होता.

आता ज्या एका गोष्टीवर माझं गाडं अडलं ती सांगतो. तुम्हाला ती क्षुल्लक वाटू शकेल.

नवा सिनेमा मी दुसऱ्यांदा पाहिला तो ताईबरोबर. तिला गोष्ट माहीत नव्हती. हॅरी वाळवंटात मरायला टेकलेला असतो आणि अबू फातमा नावाचा योद्धा त्याला उचलतो. जिमॉन हॉन्सूने ही भूमिका केलीय, आणि तो पडद्यावर आला की बाकीचे फिके पडतात. ताई म्हणाली, "हा कोण?" म्हटलं, कळेल पुढे. पुढे हॅरीचा निरोप घेऊन तो इंग्रजांच्या छावणीत जातो, ते त्याला हेर समजून फटके मारतात, तरी तो हॅरीला सोडत नाही. हॅरी मित्रासाठी ओमडुर्मानच्या तुरुंगात शिरतो, आणि त्याला तिथून बाहेर कोण काढतं? अबूच. विष देऊन मेल्याचं सोंग आणतात ते. तेव्हा ताईने रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. "अरे, पण हा याला वाचवतोय कशाला? याचं काय घेणं लागतो तो?"

मी उत्तर जुळवायला लागलो. देवाने हॅरीला त्याच्या वाटेत टाकलं अशी त्याची श्रद्धा आहे वगैरे. ती म्हणाली, "मग शूर कोण झालं यात?"

तिथेच माझं मत फिरलं. पहिल्या वेळी लढाईच्या धुळीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कलंक हॅरीचा, तो धुऊन काढायचा त्यानेच, आणि प्रत्येक अवघड जागी खांदा दुसऱ्याचा. तो दुसराही असा, की ज्याला स्वतःचं घर, स्वतःचं भांडण, स्वतःचं काही मागणं सिनेमाने दिलेलंच नाही. एकदा हे खटकलं की मग दर वेळी अबू दिसला की खटकतच राहतं.

जुन्यात ही सोय नाही. तिथला हॅरी कैरोत एका डॉक्टरकडून कपाळावर डाग देऊन घेतो आणि जीभ कापलेल्या संगाली जमातीचा माणूस म्हणून वावरतो. जमात काल्पनिक आहे, पण युक्ती नामी आहे: अरबी येत नाही म्हणून पकडला जाऊ नये, यासाठी मुकेपणाचं सोंग. परिणामी हा नायक बराच वेळ एक शब्दही बोलू शकत नाही. आंधळ्या ड्युरन्सला तो हाताला धरून वाळवंटातून नाईलपर्यंत आणि पुढे इंग्रजांच्या ठाण्यापर्यंत आणतो, आणि आपण कोण ते त्याला सांगत नाही. त्याचं पीस त्याच्याच सामानात परत ठेवायला जातो तेव्हा चोर म्हणून पकडला जातो. कपाळावर डाग, पायात बेड्या, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय तिला पत्ताही नाही. पीस देताना चारचौघं होते. परत करताना बघायला कोणी नाही, आणि ज्याला परत करायचं तो तर आंधळा. पुढे ड्युरन्स घरी जेवणाच्या टेबलावर जपून ठेवलेली एक आठवणीची वस्तू कौतुकाने काढून दाखवतो आणि त्यातून पीस बाहेर पडतं. ते सगळ्यांना दिसतं, त्याला सोडून. ताईने त्या वेळी काही थांबवलं नाही.

आता जुन्याचं वाईट. सुदानी माणसाला त्या सिनेमात चेहराच नाही; आहे तो जमाव. महदीपंथाचा प्रमुख खलिफा, त्याची भूमिका रंग फासून एका स्कॉटिश नटाने केलीय. साम्राज्याबद्दल तर शंकेचा सूरही नाही, किचनेर निघाला की सगळे खूश. त्या बाबतीत कपूर उघडच शहाणा आहे. फटक्यांचा तो एक प्रसंग जुन्यात कोणाला सुचलाच नसता. तुम्हाला हे सहन होणार नसेल तर माझं काही न ऐकता नवाच पाहा, मी वाईट वाटून घेणार नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर, जुन्याचे डोळे झापडबंद आहेत हे त्याच्या तोंडावरच दिसतं, त्याला वजा करून पाहता येतं. नव्याला अबूबद्दल आदर दाखवायचाय आणि तरी त्याला राबवायचंही आहे. ते वजा करायला गेलं तर गोष्टच उरत नाही.

आणखी एक, भीती कुठून आली याबद्दल. नव्यात ती एकदोन संवादांत उरकते. जुन्यात सुरुवातीलाच पंधरा वर्षांचा हॅरी क्रायमियाच्या युद्धात रशियाशी लढलेल्या म्हाताऱ्या सेनाधिकाऱ्यांच्या पंगतीत बसलाय. एथ्नीचा बाप जनरल बरोज टेबलावर अक्रोड, वाइन आणि अननस मांडून त्या युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई समजावतोय: अक्रोड म्हणजे रशियन तोफा, अननस म्हणजे सरसेनापती. कुठल्या घराण्यातला कोण भित्रा निघाला आणि त्याने स्वतःला कशी गोळी घातली, हेही त्याच पंगतीत. मग मुलगा मेणबत्ती घेऊन पूर्वजांच्या तसबिरींखालून जिना चढतो.

सी. ऑब्रे स्मिथने हा बरोज असा केलाय की अननस पाहिला की मला तो आठवतो. शेवटही त्याच टेबलावर आहे. एथ्नीचं पीस तेवढं राहिलेलं असतं. हॅरी सुदानातून परत आलेला, आणि म्हातारा पुन्हा अक्रोड मांडायला घेतो. या वेळी हॅरी मध्येच तोंड उघडतो: तुम्ही हुकूम दिलाच नव्हता, तुमचा सीझर घोडाच बिथरून शत्रूकडे सुटला होता. जनरलचा चेहरा पाहायचा तो तेव्हा.

तर दोन रात्री मोकळ्या असतील तर आधी २००२चा लावा, चौकोन फुटतो तिथे आवाज वाढवा, आणि १९३९चा दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा. एकच रात्र असेल तर जुना.